सुलटा पीळ

नांदे गावात भातगिरणीचं इंजिन बंद. पिंपळावर कावळे परत आलेले.

उखळाभोवती कोंडा. कोंडा नाकात गेलेली, शिंकणारी शेळी.

सन एकोणीसशे अठ्ठावीस.

सगुणाबाईच्या दारात कांडायला आलेल्या भाताच्या टोपल्या, एकमेकींना टेकून. गिरणी आल्यापासून या दारानं इतक्या टोपल्या पाहिल्या नव्हत्या.

आणि शेजारीच, तिच्या नवऱ्याच्या, कोंडाजी लोहाराच्या भट्टीपुढे, गिरणीचं मळसूत्र आडवं पडलेलं: लांब दांडा, त्याभोवती पिळाचं पातं. ते फिरलं की भात पन्हळीतून पुढे सरकतं. पातं मधेच फाटलं होतं.

“कोंडाजी, दिवस मावळायच्या आत बसव,” गिरणीवाला हैबतराव म्हणाला. “न्हाई जमलं तर पुण्याचा मिस्त्री आणतो. मग नांगराचे फाळबी त्यालाच.”

तो गेला. सगुणाबाई मुसळ हातात घेऊनच आली.

“अवं, ठिगळ उलट्या पिळाचं लावा.”

“भात मागं यील की.”

“यीना का. माज्या दारी यील.”

कोंडाजी हसला. ती हसली नाही.

“अगं, गाव म्हनंल, लोहाराला पीळ कळंना.”

“आन् गिरनी बंद हाय तवर तुमी कुनाच्या कांडपाचं खाताय, त्ये कळतंय व्हय गावाला?”

कोंडाजीनं सामान चाळलं. ठिगळाला पुरेल अशी लोखंडी पट्टी नव्हती. खिळे होते, साखळीचे तुकडे होते. तो मुसळाच्या टोकाकडे बघत राहिला. तिथं लोखंडी कडं होतं, वसवी.

“बघताय काय?” तिनं मुसळ दगडावर आपटलं. वसवी निसटून त्याच्या पायाशी आली. “घाला हीबी त्यात!”

तो घालणार नाही, असं तिला वाटलं होतं.

त्यानं वसवी तापवली, कापली, सरळ केली. सुलट्या पिळात वाकवली. पात्यावर रिबिटांनी ठोकली.

गिरणीत दांडा परत पन्हळीत बसला, पट्टा चढला. हैबतरावानं ओंजळभर भात टाकलं.

पुढे गेलं.

“बघ, जमतंय की लेका!”

सगुणाबाईच्या दारातून टोपल्या उठू लागल्या. शेवटची बानूबाईची.

“राग धरू नगं, सगुणा. तितं लौकर हुतंय.”

कोंडाजी परतला तेव्हा मुसळ भिंतीला टेकून उभं होतं. टोकाचं लाकूड फुटून पिंजलेलं. तिनं वसवीवाचून कांडून पाहिलं होतं.

सगुणाबाईच्या लग्नाची हळद याच मुसळानं कांडली होती; त्यासाठी वसवी कोंडाजीनं स्वतः घडवून पाठवली होती.