डोक्यावर 'श्री' घेऊन निघालेली मतपत्रिका

अहो, जेवणाच्या टेबलावर नका अंथरू मला! चादर नाही मी, ऑस्ट्रेलियाच्या सिनेटची मतपत्रिका आहे. व्हिक्टोरियातून कॅनबेराला पाठवायचे सहा जण, आणि माझ्या अंगावर नावं अठ्ठावन्न. मग मी मीटरभर रुंद होणार नाही तर काय?

ट्रुगानिना उपनगरातल्या एका शाळेतल्या मतदान केंद्रात, मतदारांसाठी दारात भाजत असलेल्या सॉसेजच्या वासात, मी चित्रलेखाच्या हाती पडले. बाई नुकतीच इथली नागरिक झालेली. पहिलंच मत, त्यामुळे ते वाया जाऊ नये याची कोण धास्ती! माझ्यावरच्या रेघेच्या वर सहा पक्षांना पसंतीचे नंबर दिले की सुटका, नाहीतर रेघेखाली किमान बारा उमेदवारांना. तिचा नवरा प्रल्हाद दोन मिनिटांत मोकळा. हिने मात्र सवयीने माझ्या डोक्यावर 'श्री' काढला आणि खालचे अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न चौकोन भरायला घेतले. पेपरात प्रश्न सोडून यायची सवयच नाही ना! चाळीस मिनिटं लागली.

घडी घालताना प्रल्हादला 'श्री' दिसला.

"अगं, ओळख पटेल असं काही लिहिलं तर मत बाद होतं. बदलून घे, दुसरी देतात."

बदलली की मी रद्द.

"परत अठ्ठावन्न? मी काही नाव लिहिलेलं नाही," असं म्हणत चित्रलेखाने मला पेटीत कोंबलं. पण चेहरा पडलाच होता तिचा.

मोजणीच्या हॉलमध्ये एका पक्षाच्या प्रतिनिधीने नेमकं त्या 'श्री'वरच बोट ठेवलं. "ही सही आहे. बाद करा."

अधिकारी हॅनाने मोजणीला बसलेल्या, मार्शल नावाच्या मूळच्या वसईकराला बोलावलं. "हे कुणाचं नाव आहे?"

"नाही गं. आमच्याकडे कोरा कागद दिसला की बरेच जण आधी हेच लिहितात. किराणा मालाच्या यादीवरसुद्धा."

"बरेच म्हणजे किती?"

"असतील दोन-तीन कोटी."

"मग तेवढ्यांतून हा एक मतदार ओळखून दाखवा," हॅना प्रतिनिधीला म्हणाली आणि तिने मला वैध गठ्ठ्यात ठेवलं.

पुढे चित्रलेखाचा पहिल्या पसंतीचा उमेदवार पडला, मग दुसरा, मग तिसरा. दर वेळी मी पुढच्या नंबराकडे. बाराच नंबरवाल्या माझ्या मैत्रिणी वाटेत गळाल्या, मी आपली चालतेच आहे. सहावा सिनेटर ठरला तो तिच्या एकोणचाळिसाव्या पसंतीचा, आणि मी त्याच्या गठ्ठ्यात होते.

आता गोदामात पडून आहे. एक दिवस लगदा करतील, करू देत. कुणी ट्रुगानिनाला गेलात तर तेवढं सांगा तिला: चित्रलेखा, तुझं मत मोजलं गं, अगदी शेवटपर्यंत मोजलं.