वाढता मणी

"हे मणी नाहीत वं भामा. राजगिऱ्याले भोकं पाडले कोनंतरी," खैरुन्निसा म्हणाली आणि पदर नाकाला लावून मागे सरकली. मघाशी तिच्या एका शिंकेनं अर्धी वाटी उडाली होती, आणि दोघी मैत्रिणी ओल्या बोटांनी ते काळे कण फरशीवरून टिपत रांगल्या होत्या.

सत्यभामाबाईंनी मान वर केली नाही. एकेक कण म्हणजे इवलंसं कडंच; केसाएवढी तांब्याची तार एका कड्यातून गेली, दुसऱ्यातून गेली, मग आडवी दुसरी तार आली, मग तिरपी तिसरी. लाकडी चौकटीवर काळ्या कड्यांची बारीक जाळी हळूहळू भरत होती. कितीतरी वर्षांनी त्यांच्या बोटांत काहीतरी काळं होतं.

देऊळगाव राजात त्यांचं घर पाटवेकऱ्यांचं. सोनारानं दागिना घडवायचा आणि पाटवेकऱ्यानं तो रेशमात गाठायचा. पेठेतल्या किती लेकीसुनांच्या गळ्यातली काळी पोत सत्यभामाबाईंच्या हातची होती, ते त्या गळ्यांनाच ठाऊक. पण नवरा गेला आणि काळे मणी त्यांच्या घराचा रस्ता विसरले. कुणी भांडलं नाही, तोंडावर काही बोललंही नाही. विधवेच्या हातची पोत नवरीला कशी चालेल, एवढंच. गिऱ्हाईक दारावरून पुढे जायला लागलं, तेही बिचारं मान खाली घालून. मग उरल्या पोळ्याच्या घुंगरमाळा. "बैल काही विचारत नाहीत," सत्यभामाबाई म्हणायच्या आणि हसायच्यासुद्धा.

अशात शेजारच्या किसनरावांचा इंद्रभान मुंबईहून आला. गेला होता रेडिओचं शिकायला, आला कॉम्प्युटरचं वेड घेऊन. चंद्रावर माणूस उतरून वर्ष होत आलं होतं, त्यामुळे गावात आता कशालाच कुणी अशक्य म्हणत नव्हतं. तरी कॉम्प्युटरला आठवण लागते आणि ती आठवण बायका हातानं ओवतात, हे ऐकून पारावरची मंडळी पोट धरून हसली. सत्यभामाबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मणी कोन्या रंगाचे?"

"काळे," इंद्रभान म्हणाला.

त्यांनी हात धुतले आणि बसल्या.

"एकेका कड्यात एकच गोष्ट राह्यते, काकू. हो, नाहीतर नाही," तो समजावून सांगायचा. "तार सांगते, कडं ध्यानात ठेवते. लाईट गेली तरी विसरत नाही."

"आन् आठवाले किती वेळ लागते?"

"पापणी लवाच्या आत."

"मंग माह्या सासूसारखंच हाय," खैरुन्निसा म्हणाली. "तिले बी सारं ध्यानात राहे, आन् पापणी लवाच्या आत उकरून काढे."

ही खैरुन्निसा गल्लीच्या टोकाला राहायची आणि टोप्यांवर जरीची नक्षी भरायची. जाळीची लाकडी चौकट तिच्याच घरची होती. इंद्रभाननं दोघींना सांगून ठेवलं होतं की मुंबईचे एक शेठ या आठवणीच्या धंद्यात पैसा लावायचं म्हणताहेत. नमुना त्यांच्या मनास आला तर किसनरावांच्या रिकाम्या गोदामात बायका ओवायला बसतील, आणि त्यांना शिकवतील सत्यभामाबाई. रोज काळे मणी! आणि ते कुणाच्या गळ्यात जायचे नव्हते. त्यामुळे चालतील की नाही चालतील, हे कुणी विचारायचं कारणच नव्हतं.

शेठ आले जालन्याच्या बाजूनं, धुळीनं पांढऱ्या झालेल्या मोटारीतून. बारीक चणीचा माणूस, बोलणं मऊ. किसनरावांच्या ओसरीवर चपला बाहेर काढून आले, तिथंच खैरुन्निसानं त्यांना मनातल्या मनात पास केलं.

इंद्रभाननं जाळी एका फळीला जोडली होती. फळीवर बारके दिवे, प्रत्येक कड्याचा एक. त्यानं खटका दाबून कड्यांना सांगितलं, मग सगळं बंद केलं, आणि पुन्हा खटका दाबून विचारलं. दिवे रांगेनं लागत गेले. सत्यभामाबाई श्वास धरून बघत होत्या. एक ओळ, दुसरी, तिसरी... शेवटच्या ओळीतला शेवटचा दिवा तेवढा लागेना.

त्यानं पुन्हा केलं. पुन्हा तोच दिवा आंधळा. इंद्रभानच्या कानशिलावरून घामाचा ओघळ उतरला. त्यानं भिंग लावलं आणि जाळीवर वाकला.

"काकू, हितं शेवटी दोन कडे हायेत. एकावर एक."

सत्यभामाबाईंचा हात तोंडावर गेला.

"वाढता मणी हाय तो," त्या म्हणाल्या. मग शेठना समजेल असं सावकाश बोलल्या, "पोत संपली असं आमच्यात म्हनत नाहीत. म्हनून शेवटी एक जास्तीचा घालाचा, म्हंजे गळ्यात घालनारीचं सौभाग्य वाढत राह्यते. माह्या सासऱ्यानं शिकवलं होतं. हातानं घातला असंन... मले समजलंच नाही."

"एका जागी दोन बसले की एकमेकांचं बोलणं खोडतात," इंद्रभान शेठना म्हणाला. मग काकूंकडे वळला, "काही नाही होत. पक्कड आनतो, फोडून टाकतो. ठिसूळच असते ते."

"फोडू नको."

आवाज काही मोठा नव्हता. पण खैरुन्निसानं झटकन तिच्याकडे पाहिलं. सत्यभामाच्या बांगड्या फोडल्या, त्या दिवशी तीच दारात उभी होती.

"तू फक्त टोकं सोडव," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मी काढते."

त्यानं तारांची टोकं सोडवली. त्यांनी एकेक तार उलटी ओढली, शेवटचं कडं बोटावर उतरवून घेतलं आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं. तारा पुन्हा जोडल्या. खटका दाबला. शेवटचा दिवा लागला आणि लागून राहिला.

शेठ बराच वेळ भिंगातून बघत होते. "बाई, इतकं सुबक काम मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. आणि तरी त्यांचा चेहरा काही खुलला नाही. त्यांनी खिशातून एक काड्यापेटी काढली. आत कापसावर एक काळी चौकोनी वडी होती, गोमेसारखे पाय असलेली.

"हे अमेरिकेतून आलंय. यातही आठवणच आहे. तुमच्या जाळीहूनही वेगवान म्हणतात."

सत्यभामाबाई वाकून बघू लागल्या. "याच्यात मणी कुठं हायेत?"

"नाहीत."

"मंग ओवते कोन?"

"कुणीच नाही," शेठ म्हणाले. "सगळे आता इकडेच पैसा लावायला निघालेत. माझं मन पक्कं होत नव्हतं, म्हणून इथवर आलो."

"आता झालं पक्कं?"

"झालं, बाई. तुमचं काम बघून आणखीच वाईट वाटलं. पण तुम्हाला खोटी आशा लावून मी चहा कसा पिऊ?"

"चहा प्या," सत्यभामाबाई म्हणाल्या. "चहाचा काय दोष."

इंद्रभान मुंबईला परत गेला. जाताना काकूंच्या पाया पडून उठला, तेव्हाही त्याला वर बघवेना. गोदामात किसनरावांनी सरकी भरली. पोळा जवळ आला आणि सत्यभामाबाईंच्या ओट्यावर पुन्हा घुंगरांचा ढीग पडला.

एका दुपारी खैरुन्निसा आली आणि तिनं एक पुडी त्यांच्या मांडीवर टाकली. आत काळे मणी होते. खरे, गळ्यात घालायचे.

"माह्या अमीनाचं लगन ठरलं. लच्छा ओवाचा हाय."

मुसलमानांच्या नवरीच्याही गळ्यात काळी पोत असते. तिला लच्छा म्हणतात. सत्यभामाबाईंनी पुडी तशीच परत सरकवली.

"पोरीच्या निकाहाचं हाय, खैरून. माह्या हातचं नको."

"मंग कोनाच्या हातचं?"

"लोक काय म्हनतीन?"

"लोकायले राजगिरा ओवाले सांग," खैरुन्निसा म्हणाली आणि पाय पसरून बसली. "मी हितून उठत नाही."

सत्यभामाबाईंनी हात धुतले. रेशीम पिळलं. मण्यामागून मणी जात राहिला. ऊन ओट्यावरून खाली उतरलं. शेवटाला येऊन त्यांचा हात थांबला. मग त्या आत गेल्या, कुंकवाची जुनी डबी घेऊन आल्या, आणि त्यात जपून ठेवलेलं जाळीतलं ते बारीक कडं बोटावर टिपलं. रेशीम त्यातून जाईना. त्यांनी त्याचा एकच पदर सोडवला, ओठांत ओला केला आणि ओवला.

खैरुन्निसानं लच्छा उजेडाला धरला. "वाढता घातला?"

"घातला."

"दिसत नाही मले."

"हाय तिथं," सत्यभामाबाई म्हणाल्या, आणि अर्धी राहिलेली घुंगरमाळ मांडीवर ओढून घेतली.