बोटाएवढी तीट

मी एक जुनं लाकडी विमान आहे. लढाऊ विमानाची प्रतिकृती. मित्रांनो, माझ्या अंगावर गोळ्यांची भोकं आहेत, धुराचे पट्टे आहेत. पण मी हातभरसुद्धा उडालेलो नाही. माझ्या जखमा रंगवलेल्या आहेत.

महायुद्धाच्या दिवसांत मला अमरावतीच्या एका शाळेत भगवंतराव ड्रॉइंगमास्तरांनी घडवलं. मेळघाटचं सागवान तासलं, घासलं, हिरवा आणि मातकट रंग दिला. त्यांचा एकुलता एक मुलगा अजाब अशाच विमानात मागच्या बैठकीवर बसून मशीनगन चालवायचा. तो ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता. मास्तरांच्या बायकोनं, रुख्मिणीबाईंनी, मला पाहिलं. डोळ्यांतल्या काजळाला बोट लावलं आणि मागच्या बैठकीखाली तीट टेकवली.

"आता नाही लागत कोनाची नजर," त्या म्हणाल्या.

त्या घरी गेल्यावर युद्धफंडाचे प्रमुख बापूसाहेब वकील आले. शाळेच्या मंडळाचे अध्यक्षही तेच.

"मास्तर, हे नवरदेवासारखं सजलंय! लढून आल्यासारखं दिसू द्या. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं तरच पाकिटं उघडतात."

मास्तरांचं मन होईना. पण नोकरी बापूसाहेबांच्या हातात. घरी जाऊन त्यांनी काजळ मागितलं.

"येवढं काजळ कशाले पायजे?"

"विमानालेच. दृष्ट नको लागाले."

बाईंनी भाबडेपणानं एरंडेलाचा दिवा लावून त्यावर तांब्याची ताटली धरली. मास्तरांनी काचकागदानं माझ्या पंखांच्या कडा खरवडल्या. आतला पत्रा उघडा पडल्यासारखा वाटावा म्हणून चंदेरी रंग फिरवला. तापल्या दाभणानं भोकं पाडली. आणि त्या माउलीचं काजळ इंजिनापासून शेपटीपर्यंत धूर म्हणून फासलं.

युद्धफंडाच्या प्रदर्शनात लोक हळहळले. पैशांची रास पडली. गर्दीतून रुख्मिणीबाई पुढे आल्या, माझ्याकडे बघतच राहिल्या.

"माह्या काजळाचा धूर केला तुमी? लेकराच्या विमानाले भोकं पाडून राहिले! काहून?"

लोकांना वाटलं, बाई देशासाठी रडते आहे. त्यांनी आणखी पैसे टाकले.

आठवड्याभरात तार आली. अजाबचं विमान परतलं नव्हतं. तो बेपत्ता होता.

बापूसाहेब मला घेऊन मास्तरांच्या घरी भेटायला आले. दोन शब्द दुःखाचे बोलले आणि लगेच म्हणाले, "अकोल्याच्या प्रदर्शनात याच्यावर अजाबचं नाव घालू. मागची बैठक जळालेली दाखवा, पार काळी. आणि तो ठिपका झाका, धुरासारखा दिसत नाही."

मास्तरांनी ब्रश उचलला. खरंच उचलला! रुख्मिणीबाईंनी माझी शेपटी घट्ट धरली.

"तो मेला असं कोनं सांगतलं? तारेत लिवलं हाय, सापडत नाही. तुमी बैठक जाळली, त मंग मी त्याले कुठं बसवू?"

मास्तरांनी ब्रश पाण्यात बुडवला, धुतला, पुसला आणि बापूसाहेबांच्या हातात दिला.

"तुमीच जाळा, साहेब. माह्याच्यानं नाही होत."

बापूसाहेबांचा कोट पांढरा होता. त्यांनी ब्रश खाली टाकला. महिन्याभरात मास्तरांची नोकरी गेली आणि मी शाळेच्या अडगळीत गेलो.

युद्ध संपलं. बापूसाहेबांना सरकारी पदक मिळालं. अजाबची बातमी मिळाली नाही. रुख्मिणीबाई अजूनही दर दिवाळीला त्याच्या नावानं काजळ धरतात.

तुमच्यातली पोरं मला काढतात, भोकांत बोटं घालतात. "काय अस्सल दिसते ना बे!" म्हणतात. मला चीड येते. ज्यांनी लढाई पाहिली नाही, त्यांनी तिचा रंग लावून मला उभं केलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, कधी माझी धूळ झटकाल तेव्हा पंखांवरचा धूर खुशाल पुसा. भोकं बुजवा. सगळं खोटं आहे. मागच्या बैठकीखालचा तो बोटाएवढा काळा ठिपका मात्र राहू द्या. तो पुसायचाच असेल, तर अजाबनं येऊन पुसावा.