पेडल कुठवर जातंय?

जिझानच्या रस्त्यांवर आमची गाडी लपून राहू शकत नाही. १९३४ सालच्या एका अमेरिकन कूपेची ती कुडी आहे. मडगार्डे काढलेली, छप्पर चार इंच कापून खाली बसवलेले, बॉनेटच्या बाजू उघड्या आणि आत कुडीपेक्षा चाळीस वर्षांनी धाकटे असे आठ सिलिंडरचे इंजिन. अशा गाड्यांना हॉट रॉड म्हणतात. सौदीतील कारखान्यांत पंपांची देखभाल करण्यात माझी एकतीस वर्षे गेली. आता मी मुलाच्या, हम्मादच्या, इकाम्यावर, म्हणजे निवास परवान्यावर, येथे राहतो आणि ही गाडी चालती ठेवतो.

ती शोभेची वस्तू नव्हे, हे मी सुरुवातीलाच नमूद करतो. सकाळी माझी सून तबस्सुम ती घेऊन शाळेत जाते. तबस्सुम तेथे गणित शिकवते आणि मला दादा म्हणणारी माझी नऊ वर्षांची नात अफशाँ तेथेच शिकते. शुक्रवारी तीच गाडी मासळी बाजारात येते. तेथला हर्ण्याचा यूनुस सुरमई कापता कापता मान वर न करताच म्हणतो, "आले हुसेनमियाँ! आवाज ऐकूनच बर्फ वितळला माझा."

प्रकरण सुरू झाले ते ब्रेकचा मुख्य पंप बदलल्यापासून. जुना पंप झिरपू लागला होता. मी अमेरिकेहून नवा मागवला, त्याच्यासोबत आलेला आराखडा दोनदा वाचला, गाडीखाली पाठीवर झोपून दोन दिवसांत तो बसवला, नळ्या जोडल्या, हम्मादला पेडलावर बसवून नळ्यांतली हवा काढली. वहीत तारीख घातली. तिसऱ्या दिवशी शाळेतून परतल्यावर तबस्सुम म्हणाली, "अब्बा, गाडी जड लागतेय. सिग्नलला पाय काढला की पूर्वी घरंगळत जायची, आता जागीच बसते."

मी पुढच्या चाकाजवळ हात नेला. चाक गरम होते. मी निदान केले, "तुझा डावा पाय ब्रेकवर विसावलेला असतो."

"नाही हो."

"ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला काम नसते. रिकामा पाय जागा शोधतो. तुझ्या नकळत होत असेल."

"माझा पाय आहे तो अब्बा, भाड्याने आणलेला नाही. कुठे ठेवलाय ते कळतं मला."

हम्माद जेवता जेवता हसला. "सात वर्षं झाली बाई लायसन्स मिळून, अजून अब्बांची परीक्षा पास नाही झालीस!" मी तिला पेडलांचे चित्र काढून दिले आणि डाव्या पायाची योग्य जागा फुलीने दाखवली. तिने ते मुकाट्याने घडी करून पर्समध्ये ठेवले. पुढचा आठवडाभर चाके गरमच येत राहिली आणि मी रोज संध्याकाळी तिला एकच प्रश्न विचारत राहिलो: "आज पाय कुठे होता?" चौथ्या-पाचव्या दिवसापासून ती गाडीबद्दल काही बोलेनाशी झाली. सुधारणा होत आहे, असा मी त्याचा अर्थ घेतला.

त्या शनिवारी हम्मादची दिवसपाळी होती. अफशाँला ढग जवळून पाहायचे होते, म्हणून आम्ही तिघे फैफाच्या डोंगरावर गेलो. जिझानहून दीड-दोन तासांचे अंतर. खाली ऊन करपवत असते आणि वर कॉफीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांतून धुके वाहत असते. रस्ता अरुंद, चढ उभा, आणि वळणे अशी की गाडीचे नाक आपल्याच शेपटीकडे वळते. तबस्सुम चालवत होती. आठ सिलिंडरांचा आवाज डोंगरावर आपटून परत येत होता. समोरून येणाऱ्या एका पिकअपमधला म्हातारा कमरेला जंबिया, म्हणजे वाकडा खंजीर, आणि डोक्यावर फुलांची माळ अशा थाटात होता. त्याने खिडकीतून अंगठा वर केला, तेव्हा अफशाँ जागेवरच उड्या मारू लागली. तो चढ मला फार आवडला, हे कबूल केले पाहिजे.

वर पोहोचल्यावर मी सवयीने चाकाजवळ गेलो. हात जवळ नेववेना.

"तबस्सुम, अख्खा डोंगर तू ब्रेकवर पाय ठेवून चढलीस."

तिने गाडीचे दार लावले. आम्ही मध घेतला, चहा घेतला, अफशाँने धुक्यात हात घालून पाहिला. तासाभराने, तीनच्या सुमारास, निघताना तबस्सुमने चपला काढल्या, अबाया गुडघ्यापर्यंत आवरला आणि डावा पाय सीटवर मांडी घातल्यासारखा स्वतःखाली दुमडून घेतला.

"हा बघा माझा डावा पाय," ती म्हणाली. "घरी पोचेपर्यंत हलणार नाही. नजर ठेवा."

"असे चालवणे योग्य नाही."

"आठवडाभर जे चाललंय ते तरी कुठे योग्य आहे? यल्ला अफशाँ, पट्टा लाव."

अफशाँ मध्ये बसली. मी दाराच्या बाजूला. उतार सुरू झाला. तबस्सुमने गिअर खालच्या टप्प्यात टाकला होता. तेही तिने न सांगता केले. पहिली चार वळणे नीट गेली. मग एका ठिकाणी रस्ता दोनशे मीटर वर चढून पुन्हा खाली जातो. तेथे तिचा उजवा पाय अॅक्सिलरेटरवर होता, मला तो स्पष्ट दिसत होता. डावा पाय सीटवर होता, तोही दिसत होता. ब्रेकच्या पेडलाला कोणीही शिवत नव्हते.

"दादा," अफशाँ नाक मुरडत म्हणाली, "कुछ जल रहा है."

करपलेल्या ब्रेकचा तो वास मी लगेच ओळखला. तबस्सुमने फक्त एकदा माझ्याकडे पाहिले.

त्या चढावर माझ्या डोक्यात आराखडा उलगडला. त्यात दोन दृश्ये होती, एक वर आणि एक त्याच्या खाली. आमच्या तंत्रनिकेतनात प्रथम कोन पद्धतीने आराखडे शिकवत. तिच्यात खाली काढलेले दृश्य म्हणजे वस्तू वरून पाहिलेली. अमेरिकन लोक तिसऱ्या कोनाची पद्धत वापरतात. तिच्यात खाली काढलेले दृश्य म्हणजे वस्तू खालून पाहिलेली. फरक सांगणारी लहानशी खूण कागदाच्या कोपऱ्यात असते. मी ती पाहिलीच नव्हती. चित्र वरून पाहिलेले आहे असे समजून, गाडीखाली झोपून मी मनातल्या मनात डावे-उजवे फिरवून घेतले होते, आणि ते फिरवायचेच नव्हते. पंपाच्या दोन तोंडांत दोन झडपा असतात. एक पुढच्या डिस्क ब्रेकसाठी नावापुरता दाब धरते, दुसरी मागच्या ड्रमसाठी त्याच्या पाचपट. मी नळ्यांची अदलाबदल केली होती. पुढचे ब्रेक पाय उचलल्यावरही चाकांना घासत होते, आणि गेला आठवडाभर मी त्या घासण्याचा दोष या मुलीच्या पायावर ठेवत होतो.

याचा पुढचा अर्थ अधिक वाईट होता. ब्रेक असे तापले की आतले ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि मग पेडल दाबले तरी दाब चाकापर्यंत पोहोचत नाही. उतार पुन्हा सुरू झाला होता. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला गुडघाभर उंचीची दगडी कड आणि तिच्यापलीकडे फक्त धुके. मी तबस्सुमच्या उजव्या गुडघ्याकडे पाहिले. प्रत्येक वळणाला तो मागच्या वळणापेक्षा थोडा अधिक खाली जात होता.

"तबस्सुम, पेडल कुठवर जातंय?"

"नेहमीसारखं."

"खरं सांग."

"नेहमीसारखंच जातंय, अब्बा." तिचा आवाज सपाट होता. कपाळावर घाम होता.

ती खोटे बोलत होती, आणि का बोलत होती हे मला उमगले. आठवडाभर तिने गाडीचे जे जे सांगितले, त्याचे उत्तर तिला स्वतःच्या पायावरच्या आरोपात मिळाले होते. आता पेडल बुडत होते, आणि तेही आपल्याच नावावर लागणार असे तिने धरले होते. ती सांगणार नव्हती. पेडल पूर्ण जाईपर्यंत ती वळणामागून वळण घेत राहिली असती.

सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात मी कोणापुढे काम चुकल्याचे कबूल केले नव्हते. चुकलोच नव्हतो असे नाही. चूक सापडण्याआधी दुरुस्त करण्याची मला सवय होती. येथे तेवढा वेळ नव्हता.

"ऐक," मी म्हणालो. "चूक माझी आहे. नळ्या मी उलट्या जोडल्या. तुझा पाय पहिल्या दिवसापासून बरोबर होता. पुढचे ब्रेक आपोआप लागून राहतात, म्हणून तापलेत. तू काहीही केलेलं नाहीस. आता मला खरं सांग. पेडल कुठवर जातंय?"

तिने वळण घेतले आणि पेडल पुन्हा दाबले.

"तळाला टेकतंय," ती म्हणाली. "मागच्या दोन वळणांपासून. दोनदा मारल्यावर थोडं धरतं."

"दोनदा नको. भराभर मारत राहा, थांबू नको. पंप मारल्यासारखं. गिअर आहे तिथेच राहू दे. हँडब्रेक मी ओढतो."

"आणि तो लॉक झाला तर?"

"बटण दाबून धरतो. तू सांगशील तसा सोडतो."

हँडब्रेकचा दांडा मधोमध, अफशाँच्या पायांशी होता. तो ऑइलवर चालत नाही. लोखंडी तारेने मागचे ड्रम ओढतो. अफशाँने पाय वर उचलून छातीशी घेतले. "इज इट ब्रोकन?" तिने विचारले. "हो," तिची आई म्हणाली, "आणि आपण थांबवतोय. दादांचा शर्ट पकड."

मी दांडा ओढला. गाडीची शेपटी किंचित उजवीकडे सरकली, तेव्हा तबस्सुम ओरडली, "सोडा!" मी सोडला. "आता!" मी ओढला. तिचा पाय पेडलावर धडाधड पडत होता. समोरच्या वळणातून पाण्याचा टँकर वर येत होता, जवळजवळ सगळा रस्ता व्यापून. त्याने भोंगा वाजवला आणि तो वाजवतच राहिला.

"डोंगराकडे घे," मी म्हणालो.

"दिसतंय मला. सोडा... सोडा... आता ओढा, पूर्ण!"

तिने गाडी डावीकडे, शेताच्या बांधाशी पसरलेल्या खडीत घातली. डावे पुढचे चाक दगडांवर खरवडत गेले, हेडलाइट बांधावर आपटून फुटला, खडी पत्र्यावर तडतडली, आणि आम्ही थांबलो. टँकर हातभर अंतरावरून गेला. त्याचा चालक खिडकीतून अरबीत बरेच काही बोलला. त्यातले मला शेवटचे "मजनून", म्हणजे वेडा, तेवढे ऐकू आले.

तबस्सुमने इंजिन बंद केले. तिचा पाय अजूनही पेडल मारत होता. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा तो थांबला.

चाकांपुढे दगड लावून आम्ही बांधावर बसलो. मी घड्याळ पाहून दीड तास जाऊ दिला; तापलेल्या ब्रेकला आधी हात लावू नये. तेवढ्यात हम्मादचा फोन आला. तबस्सुमने स्पीकर लावला.

"कुठे आहात? काय, गाडी तापली का? पाय ठेवला असशील पुन्हा!"

तिने फोन माझ्यासमोर धरला.

"हम्माद," मी म्हणालो, "मी नळ्या उलट्या जोडल्या होत्या. ब्रेक गेले होते. हिने गाडी थांबवली. पायाचा विषय या घरात यापुढे निघणार नाही."

तो म्हणाला, "मी येतो."

"यायला दोन तास लागतील. काम त्याआधी होईल," मी म्हणालो. "तरी ये."

माझ्याकडे पाने होते, जॅक होता आणि ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली होती. मी नळ्या सोडल्या, तेव्हा तबस्सुम खाली वाकली. "थांबा. जोडायच्या आधी मला दाखवा." खडीवर चटई अंथरून ती माझ्या शेजारी गाडीखाली सरकली. मोबाइलच्या उजेडात मी तिला सांगितले, ही पुढे जाते, ही मागे. तिने बोटाने पुढची नळी चाकापर्यंत चाचपत नेली, परत आणली, मग दुसरी नेली. दोन्ही वेळा ती आधी म्हणाली, मग मी. त्यानंतरच मी पाना फिरवला.

हवा काढण्याचे काम एकट्याने होत नाही. ती पेडलावर बसली, मी एकेका चाकाशी. "दाब." "दाबलं." "धर." "धरलंय." "सोड." अफशाँ बाटलीवरची रेघ वाचून दाखवत होती. शेवटी पुढची चाके जॅकवर उचलून पाहिली; हाताने ढकलताच ती मोकळी फिरली.

"आता तुम्ही चालवा," तबस्सुम म्हणाली.

"तुझी इच्छा असेल तर. पण ही गाडी कशी वागते ते आज माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत आहे."

ती चालकाच्या बाजूला गेली आणि चपला घातल्या.

हम्माद पायथ्याशी भेटेल असे ठरले. आम्ही पायी चालण्याच्या वेगाने निघालो. पहिल्या वळणाआधी तिने ब्रेक दाबला आणि समोर पाहतच म्हणाली, "अर्ध्यावर."

"ठीक."

दुसऱ्या वळणाला, "अर्ध्यावर." तिसऱ्याला, "अर्ध्यावर. जरा मऊ आहे."

"किती मऊ?"

तिने पुन्हा दाबून पाहिले. "एक बोट. मघाशी इतकं नव्हतं."

"मग थांबू."

आम्ही थांबलो. मी मागच्या उजव्या चाकाच्या ब्रेकमधली हवा पुन्हा काढली. खरोखरच एक बुडबुडा निघाला. मग पुढे निघालो. सपाटीला हम्मादच्या गाडीचे दिवे दिसेपर्यंत ती प्रत्येक वळणाला सांगत राहिली, आणि मी प्रत्येक वेळी ऐकले.