सगुणाबाईंनी न दिलेला डोस

मी औषध मोजायचा काचेचा पेला बोलतोय. माझ्या अंगावर बारीक रेघा कोरल्या आहेत. त्या कुणी कोरल्या, मला ठाऊक नाही. गवतात गुंडाळून बोटीने मुंबईला आलो आणि तिथून कल्याणच्या दवाखान्यात. साल अठराशे पंच्याण्णव.

तिथे सगुणाबाई नर्स होत्या. लहान वयात विधवा झालेल्या, मुंबईला हे काम शिकून आलेल्या. परक्यांची घाण काढते म्हणून विहिरीवरच्या बायका त्यांना पाहून बाजूला सरत. दुपारी त्या एकट्याच भाकरी खात आणि मग मला कढत पाण्याने धूत.

एकदा मिठागरात काम करणारा राघो आपल्या बायकोला, तुळसाला, बैलगाडीतून घेऊन आला. जुलाबांनी ती पार वाळली होती, पोटातल्या कळांनी ओरडत होती. डॉक्टरांनी अफूचा अर्क लिहून दिला, दर चार तासांनी. दोन डोसांनंतर ती शांत झाली. झोप लागली म्हणून राघो निवांतपणे बाहेर विडी ओढत बसला.

तिसऱ्या डोसाची वेळ झाली. कंपाउंडर श्रीपादरावांनी माझ्यात अर्क ओतला. सगुणाबाई मला घेऊन खाटेपाशी गेल्या.

"तुळसा, अगं तुळसा!"

उत्तर नाही. मला स्टुलावर ठेवून त्यांनी तिच्या पापण्या उघडून पाहिल्या. मग तिच्या छातीवर हात ठेवून घड्याळाकडे बघत राहिल्या.

"श्रीपादराव, मिनिटाला सातच श्वास आहेत. डोळ्यांच्या बाहुल्या खसखशीएवढ्या झाल्यात. अफू जास्त झालीय तिला. हा डोस मी देणार नाही."

"डॉक्टरांनी लिहिलंय. तुम्ही कोण नाही म्हणणाऱ्या?"

"त्यांनी लिहिलं तेव्हा ती ओरडत होती. आत्ता बघा ना तिच्याकडे!"

नोकरी गेली तर त्यांना जायला घर नव्हतं. तरी त्यांनी मला मोरीत उपडं केलं आणि राघोला डॉक्टरांकडे पिटाळलं. ते येईपर्यंत ओल्या फडक्याने तुळसाचं तोंड पुसत त्या तिला सारख्या हाका मारत राहिल्या. "श्वास घे. झोपू नकोस."

डॉक्टरांनी तिला तपासलं, अर्क बंद केला. दिवेलागणीला तुळसा पुटपुटली, "बाय, किती वरडतंस गं?"

सगुणाबाई हसल्या. त्यांना हसताना मी तेवढंच एकदा पाहिलं. श्रीपादराव मात्र पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

दोन वर्षांनी प्लेग आला. ठाण्याला रोग्यांसाठी झोपड्या बांधल्या होत्या, तिथे बाई गेल्या आणि परत आल्याच नाहीत. राघो आणि तुळसा एकदा त्यांच्यासाठी सुकट घेऊन आले. बाई प्लेगने गेल्या, असं श्रीपादरावांनी त्यांना सांगितलं. तुळसा पायरीवर बसून रडली. गावात बाईंसाठी रडलेलं मी दुसरं कुणी पाहिलं नाही.

माझी कड आता टवकली आहे. नवा पेला आला, मी कपाटात मागे पडून असतो. दार उघडलं की थोडा उजेड येतो, तेवढंच. तुमच्या माणसाला औषध देण्याआधी एखादी नर्स थांबून त्याच्याकडे निरखून पाहू लागली, तर तिला घाई करू नका. आणि जमलं तर, ती एकटीच जेवत असेल तिथे जरा जाऊन बसा.