अर्ध्या वाटेवर उतरलेलं विमान

ऐंशी सालची गोष्ट. आमचं माणूस दुबईला कामाला गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे चुलतभाऊ रायबा मुंबईहून पोलादपूरला उतरले आणि डोंगर चढून आमच्या वाडीवर आले. विमानतळावर सोडायला तेच गेले होते. पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधीच म्हणाले, "सकाळी नवाला सुटलं, साडेदहाला उतरलं. एजंटाच्या हापिसात सोताच्या कानानं ऐकलं."

जीव भांड्यात पडला. सासूबाईंनी गूळ आणला. पण चारचौघं सुखानं बसलेली आमच्या मामंजींना कधी बघवली आहेत?

"रायबा, तीन तासांचा पल्ला हाय म्हनत व्हतास ना?" त्यांनी विचारलं.

"होय. बाराशे मैल."

"मंग दीड तासात कसं उतरलं?"

रायबा भावजी बोटांवर तास मोजायला लागले.

"अर्ध्या वाटंवर उतरवलं आसंल," मामंजी म्हणाले. "यष्टी घाटात बंद पडली की समद्यांना उतरवत्यात, तसं."

"अर्ध्या वाटंवर काय हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"समुद्र," भावजी म्हणाले. कुठे काय बोलावं, ते या माणसाला कधी कळलंच नाही.

सासूबाई मटकन खाली बसल्या. "त्याला पवता येतं," त्या म्हणू लागल्या. "सावित्रीत पवायचा तो. येतं त्याला."

डोंगराखालच्या शाळेत भिकाजी गुरुजी होते, ते रोज रेडिओवर बातम्या ऐकत. विमान पडलं असतं तर त्यांना कळलंच असतं. मी तशीच निघाले. सासूबाई अनवाणीच माझ्या मागे. उतरणीला दोनदा घसरल्या, पण थांबल्या नाहीत.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. "तसली काही बातमी नाही," म्हणाले, आणि चक्क हसले. मला असा राग आला!

"जनीबाई, सकाळी तुमच्या वाडीवर ऊन पडतं, तेव्हा इथं शाळेत काय असतं?"

"सावली," मी म्हणाले.

"ऊन इथं मागून येतं. दुबई तर पार पश्चिमेला, तिथं आणखी मागून. म्हणून तिथली घड्याळंच आपल्यापेक्षा दीड तास मागं असतात. विमान तीन तासच उडालं. आपल्याकडे बारा वाजले, तेव्हा तिथं साडेदहा. रायबांना कुणीतरी तिथली वेळ सांगितली."

मी शाळेच्या पायरीवर बसून पदरात तोंड खुपसून रडले. पोचले होते. सुखरूप होते. मग भावजींना आणि मामंजींना मनातल्या मनात दोन-दोन शिव्या घातल्या, तेव्हा कुठे बरं वाटलं.

सासूबाई मात्र अजून गुरुजींकडेच बघत होत्या.

"म्हंजे गुरुजी, दिस पयला आमच्या दारात येतो नि मंग माज्या पोराकडं जातो?"

"हो, तसंच म्हणा."

"मंग बरं हाय," त्या म्हणाल्या. "कवा काय वायट घेऊन आला, तं आमच्याकडंच ठिवून जाईल."