उत्तरासकट प्रश्न

सोमवारपासून रसिकाला माजिवड्याच्या ऑफिसात पुन्हा रुजू व्हायचं होतं आणि शुक्रवार उजाडला तरी दहा महिन्यांच्या मिहूला सांभाळायला बाई मिळाली नव्हती. सासूबाई गावाला, आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणावर, नवरा सुशांत सकाळी सातलाच घराबाहेर पडणारा. ऑफिसने रजा दोनदा वाढवून दिली होती. तिसऱ्यांदा विचारायची सोय नव्हती.

अशात कोपरच्या त्यांच्या इमारतीत काम शोधत आलेल्या मंदाकिनीला वॉचमनने वर पाठवलं. चाळिशीची, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, स्वच्छ. नखंसुद्धा कापलेली, हे रसिकाने दारातच बघून घेतलं.

रसिका तयारीनिशी बसली होती. अनोळखी माणसाची ओळख करून घ्यायला काय विचारावं, हे आठवडाभर वाचून तिने वहीत बावीस प्रश्न काढले होते. गाव कोणतं? आधी कुठे होतात? मूल रडलं तर काय करता? कागदावर प्रश्न चोख होते. पण समोर माणूस बसलं, की त्याला अवघडायला होऊ नये म्हणून आपणच हात पुढे करायचा, ही तिच्या घरातली रीत.

"गाव कुठलं तुमचं? बोलण्यावरून कोकणातल्या वाटता."

"हो ताई, कोकणच."

"कुठे, राजापूरकडे का?"

"राजापूरच."

"अगंबाई! आमचंही तिकडचंच!" रसिकाचा जीव भांड्यात पडला. "आणि आधी कुणाकडे होतात? ठाण्याला वगैरे?"

"ठाण्यालाच."

"मग सोडलंत का? मूल मोठं झालं असेल ना?"

"मोठं झालं."

"आधार कार्ड आहे? की गावाला राहिलं?"

"गावाला राहिलं. मागवते."

बाविसाव्या प्रश्नापर्यंत चहाही संपला. परक्या माणसाला बघून टाहो फोडणारी मिहू तोवर मंदाकिनीच्या खांद्यावर गाढ झोपली होती. तेवढं एकच रसिकाला जरा खटकलं. एरवी पोर झोपवायला तिला पाऊण तास लागायचा.

"विचारलंस ना सगळं नीट?" संध्याकाळी सुशांतने बूट काढता काढता विचारलं.

"सगळं विचारलं. अरे, आपल्या गावाकडच्याच निघाल्या!"

"मग झालं तर."

शनिवारी रसिकासमोरच दिवसभर काम करून बघायचं ठरलं. अकराच्या सुमाराला तळमजल्यावरच्या भागीरथी आजी वर आल्या. ही इमारत त्यांच्याच जुन्या शेतावर उभी राहिलेली, त्यामुळे कोणत्याही मजल्यावर शिरताना त्यांना बेल वाजवायची गरज वाटत नसे. हातात सुकटीची पुडी होती.

"ही कोन गो?" त्यांनी उंबऱ्यातूनच विचारलं.

"मंदाकिनीताई. मिहूला सांभाळणार आहेत. आमच्या राजापूरच्याच..."

"तुला नाय इचारला." आजी मंदाकिनीसमोर स्टूल ओढून बसल्या. "तू सांग गो. कंच्या गावची?"

"राजापूर."

"बरा. काय हाय तुज्या गावान?"

मंदाकिनी हसली आणि रसिकाकडे बघायला लागली. रसिकाच्या ओठांवर आलंच होतं, गंगा, तिथली गंगा. आजींनी तिच्याकडे न बघता हात वर केला. "ती सांगंल."

पंखा फिरत राहिला. मंदाकिनीचं हसू तसंच होतं आणि नजर रसिकाच्या तोंडावर. शाळेत बाई शुद्धलेखन सांगतात तेव्हा पोरं जशी पुढच्या शब्दासाठी थांबतात, तशी ती थांबली होती. बिचकली नव्हती, नुसती थांबली होती.

"घरं आहेत," ती शेवटी म्हणाली.

"आजून?"

"ताईंना माहितीये सगळं."

आजींनी पुडी टेबलावर ठेवली. "माजी भाकर तव्यावर हाय," म्हणत त्या उठल्या आणि जाता जाता रसिकाच्या दंडाला बोटं रुतवून गेल्या.

रसिकाने ओट्याला टेकून काल काय काय बोलणं झालं ते आठवून पाहिलं. राजापूर तिने स्वतःच सांगितलं होतं. ठाणं तिने सांगितलं होतं. मूल मोठं झालं हेही तिनेच, आणि कार्ड गावाला राहिल्याचंही. मंदाकिनीने फक्त तिचेच शब्द परत म्हटले होते. या बाईबद्दल आपल्याला काय माहीत आहे? तर नाव. तेही, वॉचमन म्हणाला म्हणून.

ती बाहेर आली. मिहू मंदाकिनीच्या मांडीवर, डोळे उघडे, पण गप्प.

"ठाण्याचं ते बाळ," रसिका म्हणाली. "त्याच्याबद्दल सांगा."

पुढचं वाक्य जिभेवर आलं होतं: गुणी होतं का? तिने दात आवळून ते गिळलं.

कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. मंदाकिनीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं आणि त्याखाली काही सापडलं नाही, राग नाही, भीती नाही.

"रडायचा," ती म्हणाली. आवाजसुद्धा वेगळा होता, त्यात कोकण नव्हतं. "फार रडायचा. मग रडायचा बंद झाला."

"कसा?"

"हिलाही लागेल सवय, ताई. दोन दिवसांतच केवढी शांत झालीये बघा."

रसिकाने हात पुढे केले. मिहूने आईकडे पाहिलं आणि मंदाकिनीचा पदर मुठीत धरला. रसिकाने एकेक बोट सोडवून पोर ओढून घेतली, तेव्हा कुठे ती रडली, आणि त्या रडण्याने रसिकाला हायसं वाटलं.

"तुम्ही या आता. आमचं नंतर ठरलं तर कळवते."

"बरं." मंदाकिनीने वाद घातला नाही. दाराबाहेर तिने सावकाश चपला घातल्या. मग दोन दिवसांत पहिल्यांदाच तिने स्वतःहून प्रश्न विचारला.

"मग सोमवारी बाळाजवळ कोण असेल?"

एवढंच. पुढे काही जोडलं नाही, उत्तर सुचवलं नाही. ती उभी राहिली.

सासूबाई येतायत, रसिका म्हणू शकली असती. सुशांतने रजा घेतलीये. काहीही चाललं असतं. पण खोटं बोलायला सुचेना आणि खरं बोलायचं नव्हतं. ती मिहूला छातीशी धरून, ओठ मिटून उभी राहिली.

मंदाकिनीने तिचा चेहरा नीट, निवांत वाचून घेतला.

"म्हणजे कोणी नाही," ती म्हणाली आणि जिना उतरायला लागली.